निर्गम ३४:६-७ शिकवताना उत्तरार्ध गाळायचा का? (दया व विश्वासूपणा, चार बैठकांचा अभ्यास)

दाक्षमळा

सर्वांना जय ख्रिस्त. लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) आमच्या मंडळीत बायबल अभ्यासाच्या चार बैठका आहेत, प्रत्येकी सव्वा तासाची. विषय ठरला आहे 'देवाची दया आणि त्याचा विश्वासूपणा'. गट मिश्र आहे: कॉलेजची मुलं, महिला मंडळातल्या आज्या, नुकतेच विश्वासात आलेले काही जण, शिवाय यंदा घरातलं माणूस गेलेली दोन कुटुंबं. 'दया' शब्द असलेली वीस-पंचवीस वचनं छापून वाटायची आणि ओळीने वाचत जायची, हा नेहमीचा प्रकार टाळायचा आहे. त्यात सगळे माना डोलावतात आणि घरी कुणी काही घेऊन जात नाही.

अडचणी तीन आहेत. सुरुवात कुठल्या अध्यायापासून करावी? निर्गम ३४:६-७ (देव मोशेला आपली ओळख दयाळू, हजारोंवर दया करणारा अशी करून देतो ते वचन) घ्यायचंच आहे, पण सातव्या वचनाच्या उत्तरार्धात वडिलांच्या अधर्माचं शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत असं येतं आणि वर्ग तिथे अडतो. तिसरी अडचण सगळ्यात जड: आपली प्रार्थना ऐकली गेली नाही असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासमोर 'देव विश्वासू आहे' हे कसं मांडावं? अध्याय, क्रम, वेळ असं नेमकं सांगितलंत तर फार मदत होईल.

सिनाय_वाट

उत्तरार्ध गाळू नका. तो गाळला की पूर्वार्धातली क्षमा स्वस्त होते, आणि ऐकणाऱ्याला ते कळतं.

पहिली बैठक पूर्णपणे निर्गम ३२ ते ३४ ला द्या. ३४:६-७ सुटं वाचलं तर ती देवाच्या गुणांची यादी वाटते. पण हे शब्द आलेत कधी? 'परमेश्वराने सांगितलेलं सगळं आम्ही करू' असं लोकांनी म्हणून, कराराचं रक्त शिंपडून (२४:७-८) दोन महिनेही झाले नव्हते. मोशे डोंगरावर, खाली अहरोनाने सोन्याचं वासरू ओतलेलं. आज्ञांच्या दगडी पाट्या फुटतात (३२:१९), त्या दिवशी सुमारे तीन हजार माणसं पडतात (३२:२८), आणि मग देव म्हणतो की मी तुमच्याबरोबर येणार नाही (३३:३). हे सगळं घडल्यावर 'दयाळू, कृपाळू, मंदक्रोध' हे शब्द उच्चारले जातात. एवढं चित्र डोळ्यांपुढे आलं की निम्मं काम झालं.

मोठ्याने वाचायला ३२:१-१४, ३३:१२-२३ आणि ३४:१-१० पुरे. छत्तीस वचनं होतात; सावकाश वाचली तरी दहा मिनिटांत संपतात. वाचक तीन ठेवा. त्यानंतर एकच प्रश्न विचारा आणि त्यावर वीस मिनिटं थांबा: ३२:११-१३ मध्ये मोशे लोकांची बाजू कशाच्या आधारावर मांडतो? लोक चांगले आहेत असं तो म्हणत नाही. पाप किरकोळ आहे असंही म्हणत नाही. हे तुझे लोक, तूच त्यांना मिसरातून (इजिप्तमधून) काढलंस. मिसरी लोक काय म्हणतील. आणि अब्राहाम, इसहाक, इस्राएल यांना तू स्वतःची शपथ वाहिली आहेस, ती आठव. तिन्ही मुद्दे देवाच्या बाजूचे आहेत. दया मागताना मोशे देवाच्या विश्वासूपणावर उभा राहतो, आणि तुमचे दोन्ही विषय इथेच एकमेकांत गुंततात. गटाने हे स्वतः शोधायला हवं, म्हणून उत्तर आधी सांगू नका. गट गप्प बसला तर तीन वचनं तिघांना वाटून द्या आणि 'यात लोकांच्या चांगुलपणाबद्दल काय लिहिलंय?' असं विचारा.

मग ३३:३ आणि ३४:९ शेजारी ठेवा. लोक ताठ मानेचे आहेत म्हणून देव बरोबर येणार नव्हता. मोशे त्याच ताठ मानेचा उल्लेख करून 'आमच्याबरोबर चल, क्षमा कर' अशी विनवणी करतो. ३४:१० मध्ये देव करार करतो.

आता तिसरी-चौथी पिढी. आधी फळ्यावर दोन आकडे लिहा: एका बाजूला तीन-चार, दुसऱ्या बाजूला हजारो. अनुवाद या पुस्तकातलं ७:९ तर हजार पिढ्या असंच म्हणतं. दोन्ही बाजू समान नाहीत, हे डोळ्यांना दिसलं पाहिजे. मग निर्गम २०:५-६ वाचा. तिथे हेच शासन 'माझा द्वेष करणाऱ्यांना' आणि दया 'माझ्यावर प्रीती करणाऱ्यांवर' असं स्पष्ट केलेलं आहे. तिसरी गोष्ट, तीन-चार पिढ्या म्हणजे त्या काळी एका छपराखाली जिवंत असलेलं घर: आजोबा, बाप, मुलगा, नातू. घरातल्या कर्त्याने मूर्तीची वाट धरली की त्याची झळ अख्ख्या घराला लागते. एकत्र कुटुंबात वाढलेल्याला हे फार समजावावं लागत नाही.

चूक इथे होते: आपल्याकडे पितृदोषाची भीती समाजात मुरलेली आहे. नवा विश्वासी हे वचन त्याच साच्यात ओततो आणि आजोबांच्या पापाचा हिशेब आपल्यावर चालू आहे असं धरून बसतो. पिढीजात शाप तोडण्याच्या खास प्रार्थनासभा मग त्याला ओढतात. त्याच्या हातात यहेज्केल १८ द्या. तिथे तीन माणसांचं उदाहरण क्रमाने मांडलंय: नीतिमान बाप (५-९), दुष्ट मुलगा (१०-१३), ते सगळं पाहून वेगळा वागणारा नातू (१४-१८). नातू बापाच्या पापासाठी मरणार नाही. न्यायालयासाठीही नियम तोच, अनुवाद २४:१६, आणि राजा अमस्याने तो पाळल्याची नोंद २ राजे १४:६ मध्ये आहे. फळ्यावर तीन चौकोन काढून बाण दाखवा. आज्या आणि कॉलेजची मुलं, दोघांनाही पोचतं.

दुसऱ्या बैठकीत हेच वचन पुढे कुठे कुठे गेलं ते पाहा. चार गट, प्रत्येकाला एक उतारा, वीस मिनिटं: गणना १४:११-३५, योएल २:१२-१४, योना ३:१० ते ४:११, नहूम १:१-८. प्रत्येक गटाने एवढंच शोधायचं की मूळ वचनातलं काय ठेवलंय, काय गळलंय, काय नवीन आलंय. योएल आणि योना यांच्याकडे शासनाचा भाग नाही. त्या जागी देव अनिष्ट आणण्यापासून परावृत्त होतो असं येतं. नहूम मात्र मंदक्रोध म्हणून लगेच दोषीला सोडणार नाही असं म्हणतो, आणि तोही त्याच निनवेबद्दल, ज्या शत्रूच्या शहरावर योनाच्या वेळी दया झाली होती. योनाचा गट सर्वांत जास्त बोलेल. तिथे हे वचन तक्रार म्हणून येतं: तू असा दयाळू आहेस हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी तार्शीशला पळालो. शत्रूला मिळालेली दया सोसणं किती कठीण, हे त्या चार ओळींत आहे, आणि पुस्तक देवाच्या प्रश्नावर थांबतं.

बारा_टोपल्या

सिनाय_वाट यांच्याशी सहमत, फक्त क्रमाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. यंदा दोन घरांत मृत्यू झालाय, तर विलापगीतही घ्या, आणि ते तिसऱ्या बैठकीपर्यंत लांबवू नका. दुसऱ्या बैठकीत घ्या आणि योएल-योना-नहूम तिसरीत. शोकात असलेली माणसं पहिल्या बैठकीत 'तीन हजार पडले' ऐकून गप्प होतात. त्यांना त्याच्या पुढच्याच आठवड्यात बोलायला जागा मिळायला हवी.

विलापगीत ३:२२-२३ सगळ्यांच्या भिंतीवर असतं: परमेश्वराची करुणा संपत नाही, ती रोज सकाळी नवी होते. अडचण ही की आपण या दोन ओळी अध्यायातून उपटून घेतो. इ. स. पू. ५८७ च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने यरुशलेम पाडलं, मंदिर जाळलं. हे पुस्तक त्या राखेत बसून लिहिलेलं आहे. चौथ्या अध्यायाचं दहावं वचन वर्गात मोठ्याने वाचावं की नाही हे तुम्ही आधी स्वतः वाचून ठरवा. लहान मुलं असतील तर वाचू नका.

रचना समजून घ्या, ती शिकवायला उपयोगी पडते. पाच गीतं आहेत. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्यात बावीस कडवी, हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांनी क्रमाने सुरू होणारी. तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन ओळी, म्हणून ६६ वचनं. पाचव्यात वचनं बावीसच, पण अक्षरांचा क्रम सुटलेला. दुःखाला पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत पूर्ण बोलू दिलंय, मधेच थांबवलेलं नाही. आशेच्या त्या ओळी पाच गीतांपैकी मधल्या गीतात आहेत, आणि त्या गीतातही एकविसाव्या वचनाशिवाय येत नाहीत.

वर्गात असं करा. ३:१-२० हळू वाचा, मध्ये एकही स्पष्टीकरण नको. अठराव्या वचनात तो म्हणतो की माझं बळ, परमेश्वरावरची माझी आशा सगळं गेलं. तिथे अर्धा मिनिट शांत राहा. मग २१ वाचा: हे मी मनात आणतो म्हणून मला आशा आहे. यानंतर २२-३३. आणि तिथे पुस्तक मिटू नका! ४२ ते ४४ पुढे आहेतच: 'तू क्षमा केली नाहीस', 'प्रार्थना पोचू नये म्हणून तू स्वतःला मेघाने झाकून घेतलंस.' आशेची ओळ म्हणून वीस वचनं उलटत नाहीत तोच हे. ज्याला आपली प्रार्थना ऐकली गेली नाही असं वाटतं, त्याचे शब्द पवित्र शास्त्रात आधीच लिहिलेले आहेत, आणि ते लिहिणारा तोच आहे ज्याने रोज सकाळी नव्या होणाऱ्या करुणेबद्दल लिहिलं. शोकात असलेल्या माणसाला याहून मोठा आधार मी देऊ शकत नाही.

पाचव्या गीताचा शेवटही प्रश्नासारखाच आहे: तू आम्हांला अगदीच टाकलं आहेस का? यहुदी सभास्थानात अव महिन्याच्या नवमीला (मंदिर पडल्याच्या शोकदिवशी) हे पुस्तक वाचतात तेव्हा शेवटून दुसरं वचन (५:२१, 'आम्हांला तुझ्याकडे वळव') पुन्हा म्हणून थांबतात. तुम्हीही तसं करू शकता.

स्तोत्र ८९ याची जोडी म्हणून घ्या. वचन १ ते ३७ दावीदाशी केलेल्या करारातल्या विश्वासूपणाची स्तुती. ३८ पासून उलटा सूर: तूच त्याग केलास, करार मोडलास, मुकुट धुळीत टाकलास. ४९ मध्ये सरळ विचारणा आहे की प्रभू, तुझी ती पूर्वीची दया कुठे गेली? देव विश्वासू नाही असं मानणारा माणूस हा प्रश्न विचारणारच नाही. ज्याला वचन आठवतं तोच ते पुढे करून विचारतो. गटात कुणी रडलं तर लगेच रोमकरांस ८:२८ ('देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून हितकारक होतात') काढू नका. ते वचन खरं आहे, पण त्या क्षणी ते दार बंद केल्यासारखं ऐकू येतं.

आणखी एक. 'देव विश्वासू आहे' याचा अर्थ 'मी मागितलेलं तो देईल' असा आपोआप होतो. तो वेळीच सोडवा. शास्त्रात देव विश्वासू म्हटलंय ती ठिकाणं उघडून बघा: १ करिंथ १०:१३ मध्ये परीक्षेतून निभावण्यासाठी, १ थेस्सल ५:२४ मध्ये पवित्र राखण्यासाठी, इब्री १०:२३ मध्ये दिलेल्या वचनासाठी. नोकरी, व्हिसा, आजारातून हमखास सुटका यांबद्दल तिथे शब्द नाही. जे वचन दिलंच नाही ते मोडल्याचा दोष माणसं देवावर ठेवतात, आणि त्याला बऱ्याचदा व्यासपीठावरून दिलेली भरमसाट आश्वासनं कारण असतात.

वसईकर_कॅथलिक

चौथ्या बैठकीसाठी मत्तय १८:२१-३५ सुचवतो: राजाने प्रचंड कर्ज माफ केलेला चाकर आपल्या सोबत्याला छोट्या कर्जासाठी सोडत नाही, तो दाखला. आम्हां कॅथलिकांकडे पुनरुत्थानाच्या रविवारानंतरचा पहिला रविवार दैवी दयेचा रविवार म्हणून पाळतात (पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली जाहीर केला) आणि त्या सुमारास हा दाखला वर्गात घेता येतो, पण तुमच्या लेंटलाही तो तितकाच लागू आहे.

आकडे फळ्यावर मांडा. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी (मत्तय २०:२). एक टॅलंट साधारण ६,००० दीनार. पहिल्या चाकराचं कर्ज १०,००० टॅलंट, म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला ३०० दिवस काम धरलं तर २ लाख वर्षं. आणि तो म्हणतो काय, 'मला वेळ द्या, सगळं फेडतो'! दुसऱ्याचं कर्ज १०० दीनार, चार महिन्यांच्या आसपासची कमाई. तेही काही क्षुल्लक नाही, हे जरूर सांगा. लोकांनी आपल्याशी केलेलं वाईट खरंच वाईट असतं. दाखला ते नाकारत नाही. फरक सहा लाख पटींचा आहे एवढंच तो दाखवतो. मराठी भाषांतरांत या रकमा वेगवेगळ्या तऱ्हेने दिलेल्या असतात, त्यामुळे गटात वेगवेगळ्या प्रती असतील तर गोंधळ होतो. आकडे आधीच लिहून ठेवा.

दयेची कृत्यं हाही भाग शेवटी घ्या. आमच्या परंपरेत शारीरिक दयेची सात कृत्यं मोजतात: भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, परक्याला आसरा, आजाऱ्याची आणि बंदिवानाची भेट, मृताला मूठमाती. पहिली सहा मत्तय २५ मधून आलेली आहेत. गटाने त्यातलं एक निवडून पुढच्या महिन्यात करावं, तारीख त्याच बैठकीत ठरवावी. नंतर ठरवू म्हटलं की राहून जातं.

दाक्षमळा

सगळ्यांचे आभार, विलापगीत दुसऱ्या बैठकीत घेतो. एक धास्ती आहे. मत्तय १८ चा दाखला सांगून घरात मार खाणाऱ्या बाईला 'सत्तर वेळा सातदा क्षमा कर आणि परत जा' असं सांगितलं जातं. मी शिकवल्यावर कुणी त्याचा तसा वापर करू नये. आणि १ योहान १:९ मध्ये देव विश्वासू 'व न्यायी' आहे म्हणून क्षमा करतो असं आहे. न्यायी कशाला? विश्वासू आणि दयाळू असं हवं होतं, असा प्रश्न मुलं हमखास विचारतील.

सिनाय_वाट

धास्ती रास्त आहे. दाखला २१ व्या वचनापासून सुरू करू नका, अध्याय सहाव्या वचनापासून वाचा. लहानाला अडखळण आणणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवावं, हे त्याच अध्यायात येशूने आधी म्हटलंय. १५-१७ मध्ये अपराध करणाऱ्याला समोर घेणं, साक्षीदार आणणं, न ऐकल्यास मंडळीपुढे नेणं आणि शेवटी त्याला बाहेरचा समजणं, अशी पायरीवार पद्धत दिली आहे. एवढं झाल्यावर क्षमेचा दाखला येतो. क्षमा म्हणजे मारणाऱ्याच्या हाती पुन्हा सापडणं, असं त्यात कुठेही नाही. वर्गात हे स्पष्ट शब्दांत बोला, आणि असा प्रसंग समोर आला तर बाईची सुरक्षितता आधी, पोलीस आणि वकील लागले तर तेही, हे पाळकांशी आधी बोलून ठेवा.

क्षमा आणि परिणाम वेगळे असतात याला गणना १४ सारखा उतारा नाही. मोशे निर्गम ३४ चेच शब्द देवासमोर ठेवतो (वचन १८), देव म्हणतो 'तुझ्या विनंतीप्रमाणे मी क्षमा केली आहे' (२०), आणि लगेच पुढे: ही पिढी कनान पाहणार नाही. चाळीस दिवस देश हेरला, दिवसामागे एक वर्ष, चाळीस वर्षं रानात (३४). कालेब आणि यहोशवा हे दोन हेर तेवढे जातील. ज्या मुलांची लूट होईल असं ते म्हणत होते, त्याच मुलांना देव तिथे नेणार आहे (३१). म्हणजे मुलं बापाच्या पापाची झळ चाळीस वर्षं सोसतात आणि वतनही त्यांनाच मिळतं. तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या प्रश्नालाही इथे उत्तर सापडतं, म्हणून हा उतारा सर्वांत तयारीच्या गटाला द्या.

'न्यायी' बद्दल. देवाने पापाकडे नुसती डोळेझाक केली असती तर ती दया वाटली असती, पण ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं काय? रोमकरांस ३:२५-२६ मध्ये पौल याच गाठीला हात घालतो: वधस्तंभावर देव स्वतः नीतिमान राहतो आणि येशूवर विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमान ठरवतोही. पापाची किंमत चुकती झाली आहे, म्हणून कबुली देणाऱ्याला क्षमा करणं हे आता देवाच्या न्यायाचंच काम आहे. योहान पुढच्याच ओळींत (२:१-२) येशूला कैवारी आणि प्रायश्चित्त म्हणतो. १:९ तिथपर्यंत वाचलं तर प्रश्न सुटतो. मुलांना हे चित्रात हवं असेल तर उत्पत्ती १५ उघडा. तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा एडका कापून समोरासमोर ठेवले आहेत, सोबत होला आणि पारव्याचं पिल्लू. करार करणाऱ्यांनी त्या तुकड्यांमधून चालायचं, आणि मोडणाऱ्याचं असंच होवो असा त्याचा अर्थ. यिर्मया ३४:१८-२० मध्ये तो सांगितला आहे. अब्रामाला (पुढचा अब्राहाम) गाढ झोप लागलेली आहे. तुकड्यांमधून जाते ती धुमसती भट्टी आणि जळती मशाल. करार मोडल्याचा शाप देव एकटाच अंगावर घेतो. २ तीमथ्य २:१३, 'आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो', याच्या मागे हे दृश्य ठेवून वाचा. त्याआधीचं बारावं वचन मात्र सोडू नका, त्यात त्याला नाकारण्याबद्दल इशारा आहे.

बारा_टोपल्या

शेवटच्या बैठकीची सांगता स्तोत्र १३६ ने करा. २६ वचनं आणि प्रत्येकाचा दुसरा चरण तोच: 'कारण त्याची दया सनातन आहे.' पुढाऱ्याने पहिला चरण वाचायचा, बाकीच्यांनी दुसरा म्हणायचा, पुस्तकात न बघता. पहिल्या सात-आठ वचनांना आवाज यांत्रिक होतो, घाबरू नका, वेग वाढवू नका. निर्मिती नवव्या वचनाला संपते, मिसर आणि रान दहाव्यापासून. १० ते २० मध्ये प्रथमजन्मलेले आणि राजे मारल्याची वचनं आहेत. कुणी विचारलं तर सुटकेच्या बाजूने, दास असलेल्यांच्या तोंडून ते गीत आहे हे सांगा आणि निर्गम १:१५-२२ दाखवा, जिथे फारोने इब्री मुलगे मारायचा हुकूम काढला होता. २३ ते २५ वर थोडा जास्त वेळ द्या: आमच्या दीन अवस्थेत त्याने आठवण केली, शत्रूंपासून सोडवलं, आणि तो सर्व प्राणिमात्राला अन्न देतो. पुढारी म्हणून आज्यांपैकी एकीला उभं करा. ज्यांनी हे स्तोत्र उपासनेत आयुष्यभर म्हटलंय त्यांचा ठेका बरोबर असतो. एकूण चार ते पाच मिनिटं लागतात, तेवढी राखून ठेवा.